लेकीच्या घरचा घास

आमच्या ह्यांच्या अल्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. ही दुसरी गोष्ट मी उगाच सांगत नाही, पुढे तिचंच काम आहे.

हे मळवलीला रेल्वेच्या गँगमध्ये होते, रूळ आणि खडी सांभाळायच्या कामावर. राहायचो जवळच्या भाजे गावात. एका बैठकीला सहा भाकरी खाणारा माणूस! पुण्याच्या डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि मला समोर बसवून बजावलं, "एका वेळी एक वाटी. दिवसातून सहा वेळा. चावून चावून. जेवताना पाणी नाही, आणि गोड तर नाहीच." मी मान डोलावली. वाटी भरायला काय लागतं? ती ह्यांच्या गळी उतरवणं, अगं बाई, ते काय सांगू!

गावात बातमी झाली की ह्याचं पोटच काढलंय. पारावरचा एकजण तोंडावर विचारायचा, "मंग भाकरी जाती कुटं रं?" लोक हसायचे. हेही हसायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. "बाळंतिणीवानी घडीघडी काय खायचं? लाज वाटती," म्हणायचे.

त्या वर्षी अधिक महिना आला आणि इंदुरीहून माझ्या आईचं बोलावणं आलं, जावयाला धोंड्याचं जेवण. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे. अधिकात ते तुपाबरोबर जावयाला वाढायचे, केवढा मान त्याचा! ह्यांनी मला वाटेतच दम भरला, "पथ्याचं तितं काय बोलायचं न्हाई. कुनाची कीव नको मला." आणि मी शहाणी गप्प बसले.

पहिला धोंडा ह्यांनी कसाबसा संपवला. आई लगेच दुसरा घेऊन आली. हे नको नको म्हणायला लागले तशी म्हणाली, "माज्या गळ्याची आन हाय जावईबापू, येवढा एक." सासूने आन घातल्यावर कोण नाही म्हणेल? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. दुसरा धोंडा पोटात गेला आणि थोड्याच वेळात ह्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. उठता उठता पाटाशेजारीच आडवे झाले. आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावली. तेव्हा माझं डोकंच फिरलं. "दिष्ट न्हाई लागली, तुझे धोंडे बाधल्यात त्यास्नी!" मी ओरडले आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. आईच्या मुठीतल्या मोहऱ्या मुठीतच राहिल्या.

तासाभराने हे उठून बसले, पण मनातून घाबरले ते घाबरलेच. भाज्याला परतल्यावर वाटी पुढे ठेवली की दोन घास घ्यायचे आणि सरकवून द्यायचे. "खाल्लं की तसं हुतंय. नगंच ते." सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मी समजावलं, रडले, एकदा तर वाटी आपटली. सांडलेला भात गोळा करताना मला खरी भीती वाटली, हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत हातचा जाणार.

आठवड्याभराने दुपारी आई दारात उभी. इंदुरीहून तळेगावापर्यंत चालत आणि पुढे गाडीने आलेली. आता आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल झाल्याशिवाय आईने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. पाच वर्षांत आई चारदा आली, दर वेळी भाकरी बांधून. पाणीसुद्धा शेजारणीकडे प्यायची. मला ते फार लागायचं, पण बोलणार कुणाला?

त्या दिवशी तिच्या हातात भाकरी नव्हती. तिने पाय धुतले, चुलीवरचा गुरगुट्या भात दोन वाट्यांत सारखा घातला, एक वाटी ह्यांच्यापुढे ठेवली, एक स्वतःपुढे, आणि मांडी घालून बसली.

"आई, अगं हितं?" मी म्हटलं. "अजून आमाला..."

"लेकरू न्हाई म्हन्तीस व्हय?" आईने ह्यांच्याकडे बोट केलं. "आन् ह्ये काय हाय मंग? मऊ भात खातंय, घडीघडी भूक लागतीया, रुसतंय बी. लेकरू आलंय की घरात! आता मला खाया कसली आडकाठी?"

हे पोटावर हात धरून हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मग आईचा आवाज खाली आला. "जावईबापू, आन घातली ती माजी चूक झाली. आता आन न्हाई. तुमी घास घेतला की मी घेनार. तुमी थांबला की मी थांबनार."

आईचे निम्मे दात पडलेले, त्यामुळे दोघांचं चावणं छान जुळलं. अर्ध्या वाटीला ह्यांनी हात आखडता घेतला. आईनेही वाटी खाली ठेवली. सकाळी घरून निघालेली, उपाशी बाई. हे तिच्या वाटीकडे बघत राहिले. मग मुकाट्याने आपली वाटी ओढली आणि घास उचलला. सासूला मामी म्हणायचे. "खावा, मामी," म्हणाले.

आई महिनाभर राहिली, दिवसातून सहा वेळा ह्यांच्यासमोर वाटी घेऊन बसली. पण मला आठवते ती त्या पहिल्या दुपारची मोरी. दोन्ही वाट्या चाटूनपुसून रिकाम्या होत्या. ह्यांची मी लगेच घासली. दुसरी हातात धरून कितीतरी वेळ रडत बसले. माझ्या घरात आईची उष्टी वाटी मी पहिल्यांदाच घासत होते.