ट्रॉलीचा नवा पाय

आमच्या ट्रॅक्टरची ट्रॉली दोन चाकांची. ट्रॅक्टरपासून सोडली की तिचं नाक मातीत जाणार, म्हणून पुढे दांडीखाली एक लोखंडी पाय. त्याला आमच्याकडे सगळे जॅकच म्हणतात. हँडल एका बाजूने फिरवलं की पाय लांब होतो आणि नाक वर येतं, उलटं फिरवलं की नाक खाली. दांडीचं कडं ट्रॅक्टरच्या हुकासमोर बरोबर आलं की पिन टाकायची आणि निघायचं. ऐकायला सोपं. फिरवून बघा एकदा! आमचा जॅक इतका गंजला होता की भरल्या ट्रॉलीचा तो फिरवायला रेड्याचा जोर लागायचा, आणि आमच्या घरचा रेडा धानाच्या पुंजण्यावरून, म्हणजे रचलेल्या गंजीवरून, पडून खांदा मोडून बसला होता. रेडा म्हणजे माझा नवरा. प्रेमानेच म्हणते.

खांदा जुळला, पण हातात जोर काही परत आला नाही. मग ट्रॅक्टर मी चालवायला लागले. गावाने काही दिवस तोंडात बोट घातलं, मग कंटाळून काढलं. चालवणं मला जमून गेलं होतं. अडायचं ते जॅकपाशी. तो फिरवायला शेजारच्या घरातून भासऱ्यांना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, बोलवावं लागायचं. आणि भासऱ्यांशी मी बोलत नव्हते.

भांडण नव्हतं हो! रीत. धाकट्याच्या बायकोने भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. माझी पोरगी लग्नाची झाली तरी ही रीत काही म्हातारी झाली नाही. मग करायचं काय? मी अंगणात उभी राहून कोंबडीला सांगायची, "कोंबडे, ट्राली लावाची आहे वो." पलीकडून भासरे त्यांच्या भिंतीला सांगायचे, "चाय पिऊन येतो म्हणा." लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे कोंबडी बोले भासरे लागे. मग चहा व्हायचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून व्हायचा, आल्यागेल्याशी दोन गोष्टी व्हायच्या, आणि तोवर मी ट्रॅक्टरवर बसून उन्हात पापडासारखी वाळायची. माणूस वाईट नाही, पण घाई नावाची चीज त्यांच्या घरच्या रस्त्याने कधी गेलीच नव्हती.

एक दिवस नवरा वैतागून म्हणाला, "इकून टाकू टॅक्टर. दादाले रोज रोज कायले तरास?"

ट्रॅक्टर विकायचा? त्या सीटवर बसले की मी घरातली सगळ्यात उंच बाई असायची. पार तळ्यापर्यंतचं वावर दिसायचं, आणि कुठे जायचं ते माझं मला ठरवता यायचं. ते सोडून पुन्हा डोक्यावर टोपलं घेऊन बांधाबांधाने पायी चालायचं? जीव गेला तरी नाही.

"आधी जॅक बदलू," मी म्हटलं. "मंग इकाचं बोला."

दिघोरीच्या रस्त्यावर एका वेल्डिंगवाल्याने ट्रॉलीला हायड्रॉलिकचा पाय बसवून दिला. ट्रॅक्टरच्या तेलाचा पाइप त्याला जोडायचा आणि सीटवर बसूनच लिव्हर ओढायचा. पाय लांब, नाक वर. लिव्हर ढकलला की पाय आत, नाक खाली. हँडल नाही, घाम नाही, कोंबडी नाही! मी दुकानातच तीनदा वरखाली करून बघितलं. वेल्डिंगवाला हसला आणि पायातल्या चकचकीत दांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "फक्त याले जपा बाई. हा दांडा आतबाहेर होते तिथं रबराचं सील आहे. दांड्यावर काई चिकटलं का ते आत जाते आन् सील फाटते. मंग तेल सुटलं न् ट्राली बसली समजा."

घरी आणली. दुसऱ्याच दिवशी धानाचे कट्टे, म्हणजे पोती, भरून ट्रॉली तयार. पण नवी चीज पूजेशिवाय चालवायची कशी? आणि घरातले थोरले असताना पूजा दुसरं कोण करणार? भासरे अंघोळ करून, धुतलं धोतर नेसून आले. या कामाला मात्र चहाही न पिता! नारळ फोडला, चाकांना हळदकुंकू लावलं, आणि मग पुढे येऊन नेमके बसले त्या चकचकीत दांड्यासमोर. ट्रॉलीवर तीच एक जागा नवीकोरी होती. माणसाला तीच दिसणार.

त्यांनी दांड्याला ओलं कुंकू फासलं. वर अक्षता चिकटवल्या. कमरेचा लाल धागा काढला आणि दांड्याला पाच वेढे देऊन गाठ मारली. गाठही अशी की बैलाला सुटू नये.

मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अजी, सांगा ना त्याइले. सील फाटन."

"पूजेत दादाले कोन टोकल?" नवरा पुटपुटला आणि नारळाच्या पाण्याचा गडू घेऊन सरळ मागे चाकाकडे पळाला. पळायला खांदा आड येत नाही.

मग मी आपली कोंबडी गाठली. "कोंबडे, त्या दांड्याले काई लावाचं नसते म्हणे वो!" चांगली मोठ्याने म्हटलं. भासऱ्यांनी भिंतीऐवजी देवाकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "देवाच्या कामात कोंबड्यांनी बोलू नाही." झालं. कोंबडी गप्प, मी गप्प.

मी ट्रॅक्टर मागे घेतला, पाइप जोडला. भासरे हौसेने पिन घेऊन दांडीपाशी उभे राहिले, आपला एक पाय बरोबर दांडीखाली. नाक जरा उंच होतं, खाली घ्यायला लिव्हर ढकलावाच लागणार. हळूच ढकलला. दांडा आत जाऊ लागला, कुंकू गेलं, अक्षता गेल्या, आणि धागा करकचून आत ओढला गेला. तेलाची पिचकारी उडाली. लिव्हर मी मधेच थांबवला, पण नाक थांबेना.

"अजी, पाय काढा!"

हे मी ओरडले. भासऱ्यांना. त्यांनी पाय उचलला आणि कट्ट्यांनी भरलेल्या ट्रॉलीचं नाक धाडकन जमिनीवर आदळलं. चप्पल खालीच राहिली. तिची भाकर झाली होती.

पहिली बोलली ती माझी जाऊ, भासऱ्यांची बायको. "काव बाई," कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "माह्या नवऱ्याले तू अजी म्हणून राहिली?" आमच्याकडे अजी म्हणून बायको फक्त आपल्या नवऱ्याला हाक मारते. पण भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मला कधी कोणी शिकवलंच नव्हतं! पूजेला जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

भासरे एका चपलेवर उभे होते. तेलाने भिजलेलं कुंकू बघितलं, चपलेची भाकर बघितली, आणि मग भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"तुले मालूम होतं?"

"हो जी."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली न. कोंबडीले सांगतलं."

"माहा पाय गेला असता त दवाखान्यात कोंबडी आली असती का?" ते ओरडले. ओरडता ओरडता त्यांनाच हसू फुटलं आणि ते तिथेच खाली बसले.

सील काढून वेल्डिंगवाल्याकडे पाठवलं. संध्याकाळी नवरा पुन्हा त्याच वाटेला. "दैव देते न् कर्म नेते. पहिल्याच दिवशी हे. आता त इकूनच टाकू. दादा, तू सांग."

"मी कायले सांगू?" भासरे म्हणाले. "टॅक्टर चालवते कोन? तू का मी?"

भासरे माझ्याकडे वळले. सवयीने माझा हात खांद्यावर घसरलेल्या पदराकडे गेला.

"बाई, इकाचा का टॅक्टर?"

इतक्या वर्षांत ट्रॅक्टर घेताना, वावर लावताना, पोरीचं ठरवताना, मला असं समोर बसून कोणी विचारलं नव्हतं. पदर तसाच खांद्यावर राहू दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "नाही."

"मंग नाही," भासरे म्हणाले.