हसुराम घरत यांचे डोळे चांगले होते

“सील जुळत नाय,” हसुराम घरत केबिनमधून म्हणाले आणि बॅरिअर वर गेलाच नाही. मागे ट्रेलरांची रांग पार रस्त्यावर पोचली होती. पहिल्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, “चाचा, आँखें दान कर दी क्या? सुबह से लाइन में हूँ!”

कंटेनर तपासणारा आमचा सर्व्हेअर धावत आला. त्याने कंटेनरच्या दारावरचं सील पाहिलं. मग केबिनमध्ये जाऊन लॅपटॉपवर वाकून नंबर वाचला. दोन्ही जुळत होते. घरतांनी स्क्रीनवरचा तीन आठ म्हणून वाचला होता. सर्व्हेअर वाकला तेव्हा त्याच्या अंगाची सावली स्क्रीनवर पडली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. निदान तेव्हा तरी.

मी त्या कंपनीत सिस्टिम्स आणि खरेदी बघायचो. ऑफिस पनवेलला, यार्ड जासईच्या बाजूला. न्हावा शेवा बंदरात उतरलेले कंटेनर असल्या यार्डात आणून ठेवतात. तिथे ते उघडतात, कस्टम्स तपासते, मग माल पुढे जातो. कंटेनर गेटवर आला की दोन गोष्टी तपासायच्या. एक, कंटेनरचा नंबर. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना चूक झाली तर सिस्टिम बहुतेक वेळा पकडते. दोन, दारावरच्या सीलचा नंबर. त्याला असा काही आधार नसतो. दारावरचा नंबर डोळ्यांनी वाचायचा, स्क्रीनवर आधीच नोंदलेला डोळ्यांनी वाचायचा, आणि मान हलवायची. सगळी भिस्त माणसावर.

तो माणूस म्हणजे घरत. यार्ड ज्या जमिनीवर उभं आहे, त्यात त्यांच्या घराचं मिठागर होतं. त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं आणि ते गेटवर लागले. कागदावर तपासणी होती तोवर त्यांची एक चूक कोणी दाखवलेली मला आठवत नाही. मग आम्ही गेटवर लॅपटॉप आणायचं ठरवलं, आणि तो निवडायचं काम माझ्याकडे आलं.

लॅपटॉप घेताना लोक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात. स्क्रीनबद्दल विचारलं तरी फक्त किती इंची, एवढंच. खरं तर स्क्रीनची फिनिश बघायला हवी. ती दोन प्रकारची असते. ग्लॉसी, म्हणजे आरशासारखी गुळगुळीत. रंग झळाळून दिसतात, पण समोर खिडकी असेल तर खिडकीही दिसते. दुसरी मॅट. तिचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो. रंग थोडे दबतात, पण उजेड पांगतो आणि अक्षरं वाचता येतात. शिवाय स्क्रीनचा उजेड किती, ते नीट्स या मापात सांगतात. ऑफिसात चालतो तेवढा उजेड उघड्यावर अगदी फिका पडतो. हे सगळं मला माहीत होतं. त्याचाच पगार घेत होतो.

व्हेंडरने दोन्ही प्रकारचे लॅपटॉप आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये मांडले. एसी चालू, पडदे ओढलेले. आमचे मॅनेजर शेट्टी ग्लॉसीसमोर उभे राहिले.

“प्रधान, हा बघ ना. एकदम टीव्हीसारखा!”

“सर, गेटसाठी मॅट बरा पडेल. पण त्याचा स्टॉक नाहीये, थोडं थांबावं लागेल.”

“थांबायचं कशाला? गेटवर काय सिनेमा बघायचाय? नंबरच तर वाचायचेत.”

मी हसलो आणि ग्लॉसीवर सही केली. एक वाक्य मी बोललो होतो. त्यानंतर गप्प बसलो. पुढे कित्येक वर्षं त्या एका वाक्यावर मी स्वतःची समजूत घालत आलो.

लॅपटॉप बसवायला मीच गेलो. गेटची केबिन पत्र्याची, तोंड यार्डाकडे. घरतांच्या पाठीमागची मोठी खिडकी पश्चिमेला. घरत खुर्चीत बसले, स्क्रीनकडे बघून हसायला लागले.

“साहेब, यात तं माजाच थोबार दिसतंय. आनि मागचा आभाल. नंबर कुटं गेला?”

“ब्राइटनेस वाढवा. सवय होईल.”

“दाढी कराला बरा हाय,” ते म्हणाले.

चार दिवसांनी बघतो तर त्यांनी एका रिकाम्या खोक्याचे पुठ्ठे कापून लॅपटॉपला छप्पर केलेलं. वरून आणि दोन्ही बाजूंनी. जुन्या फोटोग्राफरसारखं त्यात डोकं घालून ते नंबर वाचत. काम बिनचूक चाललं होतं. मग एका शिपिंग लाइनचे अधिकारी यार्ड बघायला येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी मी गेटवर गेलो. नव्या कोऱ्या लॅपटॉपवर चिकटपट्टीने जोडलेला पुठ्ठा. मला लाज वाटली.

“घरत, हे काढा. पाहुणे काय म्हणतील?”

“ते जातील निघून. मना इथंच बसाचाय, साहेब.”

“काढा म्हटलं ना.”

त्यांनी काढला. घडी करून टेबलाखाली ठेवला. पाहुणे येऊन गेले, आणि सफाईवाल्याने तो पुठ्ठा कचऱ्यात टाकला. घरतांनी दुसरा बनवला नाही. साहेबांना आवडत नाही म्हटल्यावर ते तसलं काही करणाऱ्यातले नव्हते. जुळणारी सीलं अडवणं सुरू झालं ते त्यानंतर.

तोवर निदान चूक सावधगिरीच्या बाजूची होती. मग उलटी झाली. एका दुपारी सील बदललेला कंटेनर आत आला आणि घरतांनी तो सोडला. यार्डात उघडला तेव्हा आतला बराच माल गायब होता. चोरी वाटेत झाली होती, यार्डाचा संबंध नव्हता. पण खोटं सील गेटवर पकडायचं असतं, आणि गेटवरचा माणूस सामील असल्याशिवाय ते सुटत नाही, असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात.

चौकशी पुन्हा त्याच कॉन्फरन्स रूममध्ये. लॅपटॉप गेटवरून उचलून आणला. पडदे ओढलेलेच. शेट्टींनी तो नंबर मोठ्याने वाचला.

“क्लिअर आहे. लहान मूलपण वाचेल. प्रधान, स्क्रीनमध्ये काही प्रॉब्लेम?”

घरत माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. स्क्रीनमधलं मला कळतं म्हणून.

“नाही सर,” मी म्हणालो. “स्पेसिफिकेशन तपासूनच घेतलाय.”

शेट्टी घरतांकडे वळले. “मग दोनच गोष्टी राहिल्या. तुम्हाला दिसत नाही, नाहीतर तुम्ही बघितलं नाही. कोणती?”

ते लॅपटॉपकडे बघून म्हणाले, “डोलं गेलं असतील माजं.”

चोर ठरण्यापेक्षा आंधळं ठरणं बरं, म्हणून त्यांनी तसं म्हटलं असेल, असं मी धरून चाललो. त्यांना ते खरंच वाटत होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. जमिनीच्या बदल्यात मिळालेली नोकरी तिथे संपली.

पुढच्या आठवड्यात मी कलत्या उन्हाच्या वेळी गेटवर गेलो आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. स्क्रीनवर माझा चेहरा होता, माझ्यामागे खिडकी, खिडकीत पांढरं आभाळ. त्याच्या खाली कुठेतरी नंबर. तीन, आठ, सहा सगळे सारखेच. मी पनवेलला जाऊन स्क्रीनवर चिकटवायची मॅट फिल्म आणली आणि स्वतःच लावली. कोणाला सांगितलं नाही. चुका थांबल्या.

“बघ,” शेट्टी म्हणाले, “घरत गेला आणि गेट सुधारलं.”

मी मान हलवली.

रिटायर झाल्यावरही मी हे कोणापाशी बोललो नाही. यंदा जुना सर्व्हेअर भेटला, त्याच्याकडून घरतांचं घर कळलं. गेलो. ते ओटीवर बसले होते. सुनेने आवाज दिला, “आबा, कोन पावनं आलंत बघा.” ते म्हणाले, “तूच सांग कोन ते. मना कुटं दिसतंय?” मी दहा पावलांवर होतो. त्यांनी माझ्याकडे नीट मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. स्क्रीन, फिल्म, कॉन्फरन्स रूममधलं माझं उत्तर. सून चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती.

“म्हंजे माजं डोलं बरं व्हतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“तवा पन?”

“तेव्हा तर नक्कीच.”

ते खाडीच्या दिशेने बघत राहिले. “मी खाडीत चालवाची होरी इकली, साहेब. आपल्याला दिसत नाय, भरतीच्या पान्यात कुनाचा जीव जाल म्हनून. बापाची व्हती. इथल्या मानसाला मिठाच्या आगरात उनानं डोलं दिपत नाय, आनि मी तुमच्या एका डब्यावर इस्वास ठेवला.”

सुनेने ट्रे खाली ठेवला. “गावात चोर म्हनाचे यांना. ल्हान पोरं पन. मी लग्न होऊन आलू तवा मना पैला तेच ऐकाला भेटला. तुमी तवा एक सबुद बोलला असतात तं?”

“चा घ्या,” ती म्हणाली, “आनि जा.” मी चहा घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं.

घरी येऊन शेट्टींना फोन केला. ते हसले. “प्रधान, इतक्या वर्षांनी? सोड ना यार. कोणाला आठवतंय?”

घरतांना आठवतं. म्हणून, त्या गेटवर ज्यांनी ज्यांनी काम केलं आणि ज्यांनी त्यांची टिंगल केली, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. हसुराम घरत चोर नव्हते. त्यांच्या डोळ्यांतही दोष नव्हता. दोष मी निवडलेल्या स्क्रीनमध्ये होता. मी तो फिल्म लावून झाकला, आणि गप्प राहिलो.

नवा लॅपटॉप घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. दुकानातल्या दिव्यांखाली बघून ठरवू नका. ज्या खुर्चीत तो वापरायचा, त्या खुर्चीत, त्या वेळच्या उजेडात ठेवून बघा. आणि जो रोज त्याच्यासमोर बसणार आहे तो दिसत नाही म्हणाला, तर आधी स्क्रीन तपासा.