जखमी पाहिजेत

काझालरोज्जा गावच्या भातगिरणीत ओरेस्ते बार्बाल्या चौतीस वर्षं साळ सडायच्या यंत्रावर होता, आणि त्या चौतीस वर्षांत त्याला न झालेला रोग म्हणजे फक्त बाळंतरोग. बाकीचे सगळे होऊन गेले होते. निदान त्याचं तसं म्हणणं होतं. सोमवारी यकृत, मंगळवारी मणका, गुरुवारी हृदय, आणि रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन सुरू झालं की डावा कान.

गावचे डॉक्टर क्वाल्या मुळात शांत गृहस्थ. पण ओरेस्तेची टोपी खिडकीबाहेर दिसली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला सुरुवात व्हायची, आणि तो दारातून आत येईपर्यंत त्या मोजून पुऱ्या आठ होत.

"डॉक्टर, इथे टोचतं."

"कुठे?"

"आता नाही. मगाशी टोचत होतं."

"मग गेलं ना?"

"तेच तर! गेलं कुठे?"

त्याची बायको निवेस घरी शिवणकाम करी. तिला आयुष्यात साधी सर्दीही झाली नव्हती, आणि ओरेस्तेला तो आपला अपमान वाटे. जेवायच्या वेळी तो पोट धरून कण्हायला लागला की ती पळी हातात धरून शांतपणे विचारी, "तुला वाढू, की तुझं दुखणं आधी जेवणार आहे?"

ज्या वर्षी तो निवृत्त झाला, त्याच वर्षी चौकातल्या बारमध्ये एक कागद चिकटवलेला त्याने पाहिला. 'जखमी पाहिजेत. अनुभवाची अट नाही. दुपारचं जेवण मिळेल.'

शहरात एक शाळा होती. तिथे देशोदेशींचे डॉक्टर आणि परिचारिका शिकायला येत. भूकंप, पूर, लढाईमुळे उठून आलेल्या माणसांच्या छावण्या, असल्या ठिकाणी जाऊन काय करायचं ते शिकायला. दर मे महिन्यात त्यांची शेवटची परीक्षा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीत घ्यायची असं ठरलं होतं. भूकंप झाला आहे असं धरायचं, साठ जखमी ढिगाऱ्यात पसरायचे, आणि विद्यार्थ्यांना त्यांच्यावर सोडायचं. शिकाऊ डॉक्टर भरपूर होते. अडलं होतं ते जखमींवाचून.

"अनुभवाची अट नाही म्हणे!" ओरेस्ते घरी येऊन म्हणाला. "मला तर नुसता अनुभवच आहे!"

पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला मोडलेला पाय आला. शिट्टी वाजली आणि भट्टीच्या फाटकातून नारिंगी जाकिटं घातलेले बाराएक डॉक्टर धावत आले. त्यातले तीन चक्क त्याच्यापाशी गुडघे टेकून बसले आणि एकाने विचारलं, "आजोबा, कुठं दुखतंय?"

ओरेस्तेच्या डोळ्यांत पाणी आलं. हा प्रश्न त्याला इतक्या प्रेमाने आजवर कोणी विचारला नव्हता. त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि सहाव्या वर्षी आलेल्या गोवरापासून सुरुवात केली. तो टॉन्सिल्सपर्यंत पोचला तेवढ्यात त्या डॉक्टराने त्याच्या गळ्यात हिरवं कार्ड अडकवलं आणि तो पुढच्याकडे पळाला.

हिरवं कार्ड म्हणजे फारसं काही झालेलं नाही, बाजूला बसा. पिवळं म्हणजे थोडं थांबू शकतो. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. आणि काळं म्हणजे गेला, त्याच्यावर वेळ घालवू नका. माणसं शंभर आणि डॉक्टर दहा असले की असंच करावं लागतं, हे शाळेच्या प्रमुख झानेत्ताबाईंनी त्याला समजावून सांगितलं.

"पण बाई, हिरवं? डॉक्टर क्वाल्या तीस वर्षं मला हेच सांगताहेत!"

तरी तो दर वर्षी जाऊ लागला. पुढे निवेसही त्याच्याबरोबर जाऊ लागली, कारण शाळेच्या जखमा तिला पाहवेनात. "ही काय जखम आहे? नुसता लाल रंग फासलाय!" म्हणून तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात जखमा रांधायला घेतल्या. तांदळाच्या पिठाची कातडी, जिलेटिनचं मांस, चेरीच्या पाकाचं रक्त आणि भाजल्याच्या जागी वरून भुरभुरलेला कोको. इतक्या चविष्ट जखमा त्या प्रांतात दुसरीकडे मिळाल्या नसत्या. एका वर्षी परीक्षा लांबली तेव्हा ओरेस्तेने कंटाळून आपला निम्मा कोपर खाऊन टाकला होता, आणि तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईने घाबरून नोंद केली: 'जखम आपोआप कमी होते आहे.'

या खेळात एक पंचाईत होती. सगळेच जखमी 'मेलो, मेलो' म्हणून ओरडणार, मग एखाद्याला खरंच लागलं तर कळणार कसं? त्यासाठी एक परवलीचा शब्द ठरवला होता: 'गोर्गोंझोला'. गावच्या शेजारी होणारं हे चीज. ढिगाऱ्याखाली सापडलेला माणूस उगाच त्याचं नाव घेणार नाही, असा हिशेब. तो शब्द ऐकला की खेळ थांबायचा आणि फाटकाशी उभ्या असलेल्या खऱ्या रुग्णवाहिकेने धावत यायचं.

ओरेस्तेने तो शब्द पहिल्या वर्षी पोटरीत गोळा आला म्हणून वापरला. दुसऱ्या वर्षी विजारीत मुंगी शिरली म्हणून. तिसऱ्या वर्षी चेरीचा पाक पाहून हे आपलंच रक्त आहे अशी त्याची खात्री झाली म्हणून. तेव्हा झानेत्ताबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"बार्बाल्या, यापुढे हा शब्द तुम्ही दुकानात चीज घेतानासुद्धा उच्चारायचा नाही."

"मग मागू कसं?"

"बोट दाखवून."

नवव्या वर्षी मात्र त्यांनी कमालच केली. त्याच्या हातात दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मृत. बोलू नये. हलू नये.'

ओरेस्तेचं तोंड एवढंसं झालं. "मेलो? अगं, पण कशाने? काही लक्षणं तरी द्यायची!"

निवेस त्याच्या तोंडाला तांदळाचं पीठ फासत होती. "नऊ वर्षांत आज पहिल्यांदा तुला काही दुखणार नाहीये. सण समज."

परीक्षा सुरू होण्याआधी गळ्यात पाण्याची बाटली अडकवून जखमींना पाणी देत फिरणारी ग्रासा नावाची पोर्तुगीज परिचारिका त्याच्यापाशी थांबली, तेव्हा त्याने उरल्यासुरल्या वेळात आपल्या प्लीहेचा समग्र इतिहास तिला सांगून घेतला. ती बिचारी परीक्षेची विद्यार्थिनी, पण अर्धा तास उभी राहिली. मग शिट्टी वाजली आणि ओरेस्ते मेला.

भट्टीच्या उंच चिमणीच्या सावलीत तो उताणा पडला होता, एक डोळा केसभर उघडा ठेवून. कोणीतरी आलं, नाकाशी हात धरला, काळं कार्ड टाकून गेलं. ना विचारपूस, ना काही. पलीकडे झानेत्ताबाई शिट्टी आणि कागद घेऊन कोण काय करतंय ते टिपत फिरत होत्या. त्यांनी एकदम मानेवर चापट मारली. एक भली मोठी गांधीलमाशी विटांवर पडली.

'असू दे, आता कळेल दुखणं काय असतं ते,' प्रेत मनात म्हणालं.

पण जरा वेळाने बाई अंग खाजवायला लागल्या. मग विटांच्या ढिगावर बसल्या. त्यांच्या गळ्यावर लाल गांधी उठलेल्या ओरेस्तेला स्पष्ट दिसल्या. ओठ सुजून खालचा वरच्यापेक्षा दुप्पट झाला होता. एक उंच डॅनिश डॉक्टर त्यांच्यापाशी आला आणि हसला. बाई दर परीक्षेत काहीतरी चकवा ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्यांनी मध्येच एक बकरी सोडली होती.

"वा, या वेळी मॅडम स्वतःच रुग्ण!" तो म्हणाला.

"गोर्र... गोर्र..." बाईंच्या घशातून एवढंच निघालं.

"थोडी घरघर, बसता येतंय," असं म्हणत त्याने कागदावर लिहिलं आणि त्यांच्या गळ्यात हिरवं कार्ड अडकवलं.

ते कार्ड पाहिलं आणि ओरेस्तेला राहवेना. तो ताडकन उठून बसला.

"गोर्गोंझोला! गोर्गोंझोला!"

सगळ्या भट्टीत हशा पिकला. "मुंगी शिरली वाटतं!" पाय तुटलेली पोस्टमास्तरीणबाई ओरडली. डॅनिश डॉक्टराने वळून बजावलं, "मृतांनी कृपया आडवं व्हावं."

ओरेस्ते चांगला उभाच राहिला. ओरडून उपयोग नाही हे त्याला कळून चुकलं होतं. नऊ वर्षं डॉक्टर एकमेकांना काय सांगतात, कुठल्या क्रमाने सांगतात, ते त्याने पडल्यापडल्या ऐकलं होतं. त्याने आवाज खाली आणला.

"बाई, वय साठच्या आसपास. गांधीलमाशी चावली, मानेला, डाव्या बाजूला. पाच मिनिटं झाली. अंगावर गांधी, ओठ सुजलेत, आवाज बसलाय, श्वासाला शिट्टी येतेय. आता ओठ निळे व्हायला लागलेत."

ग्रासा दहा पावलांवर एका पोराच्या हाताला फळी बांधत होती. तिने मान वर केली. सकाळी अर्धा तास ती या माणसाची प्लीहा ऐकत होती, आणि आता त्याने स्वतःचं एकही दुखणं सांगितलं नव्हतं!

"हा दुसऱ्याचं सांगतोय," ती म्हणाली. "खरं आहे!"

ती धावली, बाईंना आडवं केलं, पाय विटांवर उचलून ठेवले आणि पिशवीतून औषधाची कुपी काढली.

"ती नको!" ओरेस्ते किंचाळला. "त्यात नळाचं पाणी आहे, काल माझ्या बायकोनेच भरलंय! खरं औषध फाटकाशी!"

आणि तो धावत सुटला. दोन्ही गुडघे गेलेले, मणका कामातून गेलेला, हृदय तर केव्हाच बंद पडायला हवं होतं, असा हा माणूस विटांवरून उड्या मारत निघाला. रुग्णवाहिकेचा चालक पायरीवर बसून सॉसेजचं सँडविच खात होता. पांढऱ्याफटक तोंडाचं, गळ्यात काळं कार्ड घातलेलं प्रेत अंगावर धावून येताना पाहून त्याच्या हातातलं सँडविच गळून पडलं.

"ऊठ! खरं औषध घे! बाईला गांधीलमाशी चावलीय, श्वास अडकलाय!"

"आणि तुम्ही?"

"मी मेलोय, माझं राहू दे!"

गाडीतल्या डॉक्टराने बाईंच्या मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर प्राणवायू लावला. थोड्या वेळाने ओठांची निळाई उतरली, शिट्टी मंदावली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॅनिश डॉक्टर हिरवं कार्ड हातात घेऊन उभा होता, आणि ते लपवायला त्याच्या जाकिटाला एवढे खिसे असून एकही सापडत नव्हता.

बाई तिसऱ्या दिवशी इस्पितळातून आल्या आणि त्यांनी ओरेस्तेला बोलावणं पाठवलं. मेलेला असताना हलल्याबद्दल आता बोलणी बसणार, अशा तयारीने तो इस्त्रीचा सदरा घालून गेला.

"बार्बाल्या," बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून पहिल्या दिवशी तुम्ही मुलांशी अर्धा तास बोलायचं. त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं आणि ते कसं सांगितलं, एवढंच. तुमच्या प्रकृतीबद्दल एक शब्द नाही."

"एकही?"

"एकही नाही."

ओरेस्तेने जरा विचार केला. "अर्धा तास जमेल," तो म्हणाला. "जास्त झेपणार नाही."

ते त्याला जमलं, आणि फार चांगलं जमलं. मुलं वहीत लिहून घेत. फक्त गावाची पंचाईत झाली. एकदा दुसऱ्यांकडे बघायची सवय लागल्यावर त्याला राहवेना. बेकरीवाल्याचे घोटे सुजलेले, पाद्रीबाबांचा खोकला तीन आठवड्यांचा, पोस्टमास्तरणीच्या डोळ्यांत पिवळेपणा. तो ज्याला-त्याला गाठून डॉक्टर क्वाल्यांकडे पिटाळू लागला. दवाखान्यात बसायला जागा उरेना. डॉक्टर कावले, पण त्यांना बोलायची सोय नव्हती, कारण बेकरीवाल्याला खरंच साखर निघाली होती.

घरी निवेस भांडी घासत असली की तो चष्मा लावून तिच्याभोवती घुटमळे.

"निवेस, जरा जीभ दाखव बघू."

"आधी ती ताटं पूस."

"लक्षणं लपवणं हेसुद्धा एक लक्षण असतं."

निवेसने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि मुळापासून जीभ बाहेर काढून दाखवली. ओरेस्तेने ती उजेडात नीट, वेळ घेऊन तपासली. मग मान हलवली आणि ताटं पुसायला घेतली.