खिडकीबाई आणि तळमजल्याचा मीटर

बस डेपोत पासाच्या खिडकीमागे बसून उभी हयात गेली, म्हणून गल्लीत त्यांना खिडकीबाई म्हणत. समोरून म्हणायची छाती कुणाची नव्हती. पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. खिडकीला गज होते, गजांमागे त्या होत्या आणि बाहेर अख्खं गाव रांगेत उभं होतं. वकील असो की हमाल, फोटो चिकटवलेला नसला की अर्ज परत. "मागे छापलंय ते वाचा," एवढं एकच वाक्य. कुणी हुज्जत घातली की पुढचा माणूस बोलवायचा. एकदा मारलेला शिक्का त्यांनी कधी खोडला नाही, मग चूक समोरच्याची असो की त्यांची स्वतःची.

नवरा लवकर गेला. मुलाला त्यांनी त्याच पगारावर वाढवला, शिकवला, नोकरीला चिकटवला. तीन मजली इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर. मधल्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा म्हातारा भाऊ, वरच्या मजल्यावर मेणवाला. मेणवाला म्हणजे घरी मेणबत्त्या करणारा माणूस. सकाळी पातेलं चढवलं की दिवेलागणीपर्यंत उतरवायचा नाही. निवृत्त झाल्यावर खिडकीबाईंना कारभार करायला एवढीच इमारत उरली आणि त्यांनी तो दणक्यात केला. जिन्यात चप्पल दिसली की उचलून बाहेर. पाण्याची टाकी वाहिली की वरच्या माळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक.

मुलाचं लग्न झालं. सून कामावर जाणारी. कोल्ड स्टोरेजमध्ये मासळीची खोकी भरायचं काम, पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, अंगावर दोन स्वेटर, हातात मोजे, तरी बोटं लाकडासारखी. घरी आली की आधी गॅसवरचा गीझर लावायची आणि न्हाणीघरात शिरायची. बाहेर यायला वेळ लागे. सासूच्या डोळ्यांत ते पहिल्या आठवड्यातच खुपलं. पण नव्याच्या नवलाईत त्या गप्प बसल्या.

आणि मग गॅसचं बिल आलं.

पहिलं आलं तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. दुसरं त्याहून मोठं. इकडे मेणवाला जिन्यात भेटला की छाती फुगवून सांगायचा, "बाई, नवी शेगडी घेतलीय. विकणारा म्हणाला होता, निम्म्यात काम होईल. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, निम्म्याहूनही कमी! मी तर चौघांना घ्यायला लावली."

"दिवसभर मेण वितळवतोस आणि बिल आमच्या निम्मं?"

"शेगडीचा गुण, बाई! वस्तू पारखून घ्यावी लागते."

खिडकीबाईंचं डोकं तापलं. त्यांनी कंपनीकडे तक्रार नोंदवली, मीटर पळतोय म्हणून. तपासणीचे पैसे आधी भरावे लागले, तेही त्यांनी दात-ओठ खात भरले. एका दुपारी पिशवी खांद्याला लावून तंत्रज्ञ आला. मीटर जिन्याखालच्या कोनाड्यात, एकावर एक तीन, प्रत्येकावर पत्र्याची पाटी: तळ, मधला, वरचा. त्याने 'तळ' पाटीचा मीटर सोडवला, आपलं यंत्र जोडलं आणि बैठक मारली. खिडकीबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभ्या.

"मावशी, जरा उजेड सोडा."

"उजेड सोडते, पण नजर सोडणार नाही. तुमची माणसं पाहिलीत मी."

मध्येच मेणवाला वरून कुरकुरत आला. "गॅस गेला की काय? पातेल्यात मेण गोठलं माझं!"

"काम चालू आहे, दिसत नाही का? निघ वर."

तो गेला. तंत्रज्ञाने मीटर परत बसवला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहिले. एकही आला नाही. घरात शिरून शेगडीची नळीही तशीच तपासली. हात पुसत तो म्हणाला, "मीटर चोख आहे, मावशी. गळती नाही. जेवढा गॅस गेला तेवढाच त्याने मोजला. घरात वापर वाढलाय."

वापर वाढलाय! हे दोन शब्द त्यांनी पदरात बांधून घेतले. मीटर खोटं बोलत नाही, यंत्राला नातीगोती नसतात. मग खोटं कोण? सून संध्याकाळी रात्रपाळीला निघाली आणि जिन्याच्या तोंडाशी पोहोचली, तेव्हा खिडकीबाईंचा बांध फुटला.

"या महाराणीला आंघोळीला हौद लागतो! माझ्या पेन्शनीचा धूर होतोय आणि ही आत वाफ घेत बसते! माहेरी काय समुद्र होता का गरम पाण्याचा?"

मधल्या मजल्याचं दार किलकिलं झालं. शिवणवाली कडेला थांबली, तोंडातली टाचणी तोंडातच. वरच्या कठड्यावरून मेणवाल्याची मान खाली आली. सून खाली वाकली. पायात चप्पल अडकवली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने गीझरला हात लावला नाही. कोल्ड स्टोरेजमधून यायची आणि नळाखाली थंड पाण्याने न्हायची. बोटांना भेगा पडल्या, खोकला लागला. मुलगा एकदा म्हणाला, "आई, एवढंही ताणू नकोस." तर उत्तर आलं, "मी कुठे ताणलं? तिला कुणी नको म्हटलंय का?" म्हटलं नव्हतं हे खरंच. नुसतं जिन्यात ओरडून सांगितलं होतं.

पुढचं बिल आलं ते आणखी चढं. मेणवाल्याकडे तेव्हा मोठी मागणी होती.

मुलगा मोठा भांडखोर नव्हता. त्याने गाजावाजा न करता पलीकडच्या वस्तीत एक खोली पाहिली, अनामत दिली आणि रिकामे खोके आणून भिंतीशी लावले. खिडकीबाईंनी खोके पाहिले. त्यांना प्रश्न विचारायची सवय होती, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना नको होतं. खोके भरत गेले. त्या भाजी निवडत बसल्या. दोन खोल्यांत एकट्या राहिलेल्या बाया त्यांनी डेपोत पाहिल्या होत्या. पास संपलेला नसतानाही खिडकीशी येऊन गप्पा मारणाऱ्या. खिडकीबाई पुढचा माणूस बोलावून त्यांना हाकलत.

एका सकाळी सून भांडी कागदात गुंडाळत होती. खिडकीबाई बिल पंख्यासारखं हलवत म्हणाल्या, "तू थंड पाण्याने न्हातेस, तरी हे वाढलंच. मग शेगडीवर काय जाळतेस? तो वरचा बघ, दिवसभर मेण वितळवतो..."

"कशावर वितळवतो?" सुनेने मान वर केली नाही. "हवेवर?"

"शेगडी चांगली आहे त्याची."

"आई, तो तपासणीवाला आला होता ना, त्याने मीटर सोडवून ठेवला होता. बराच वेळ."

"मी तिथेच उभी होते."

"तुम्ही तिथे होतात. मी इथे होते. माझं दूध तापत होतं तेव्हा. वर आलं, उतू गेलं, मी ओटा पुसला, परत ठेवलं. आपला मीटर सुटलेला, तर आपली शेगडी पेटलेली कशी?" तिने हातातली वाटी खोक्यात ठेवली. "आणि मेण कुणाचं गोठलं?"

खिडकीबाई बिल हलवायच्या थांबल्या.

त्यांनी स्वयंपाकघरातला कॉक बंद केला, गीझरचा बंद केला आणि कोनाड्यापाशी गेल्या. 'तळ' मीटरचे आकडे सावकाश पण सरळ पुढे सरकत होते. त्यांच्या घरात तेव्हा उदबत्तीएवढीही आग नव्हती. त्यांनी मान वर करून हाक मारली, "मेणवाल्या! शेगडी बंद कर!"

"का?"

"कर म्हणते ना!"

वरून कॉक फिरल्याचा आवाज आला नाही, पण आकडे थांबले. "लाव!" म्हटल्यावर पुन्हा चालू झाले. सून दारात उभी राहून हे पाहत होती. मग ती आत वळली आणि पुन्हा भांडी गुंडाळू लागली; तेच जास्त झोंबलं.

उलगडा व्हायला मग वेळ लागला नाही. वर्षापूर्वी कंपनीने इमारतीत नवे मीटर बसवले होते. वरच्या घराची नळी भिंतीबाहेरून चढत होती, म्हणून फिटरने सोयीसाठी त्याचा मीटर सगळ्यात खाली लावला, मधल्याचा मध्ये आणि तळमजल्याचा सगळ्यात वर. खडूने आकडेही घातले. पुढे लग्नाच्या निमित्ताने जिना रंगवला गेला, रंगाऱ्याने त्या आकड्यांवर ब्रश फिरवला. तेव्हा पत्र्याच्या पाट्या स्वखर्चाने करून आणल्या त्या खिडकीबाईंनी. खालचं घर खाली, वरचं घर वर. आयुष्यभर पासांचे कप्पे लावणाऱ्या बाईला याखेरीज दुसरी रीत सुचली नसती. मीटर वाचायला आता माणूस येत नव्हता. ज्याने त्याने आपल्या पाटीखालचा आकडा मोबाइलवरून कळवायचा. खिडकीबाई मेणवाल्याचा आकडा कळवत होत्या आणि मेणवाला त्यांचा.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथेही खिडकी होती, पण या वेळी त्या गजांच्या बाहेर उभ्या होत्या. पोरसवदा कारकुनाने सगळं ऐकलं, बिल उलटं केलं आणि बोट ठेवलं. "तुमच्या मीटरचा नंबर इथे असतो, मॅडम. मीटरवरही तोच असतो. मागे छापलंय ते वाचायचं ना."

खिडकीबाईंनी मागे छापलेलं वाचलं. अर्ज भरून दिला. जास्त गेलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होईल, असं त्याने सांगितलं आणि पुढचा माणूस बोलावला.

मेणवाल्याकडून फरक वसूल होणार होता. त्याला पैशांपेक्षा शेगडीचं दुःख मोठं. "मी चौघांना घ्यायला लावली हो," तो जिन्यात बसून म्हणत राहिला.

घरी येऊन खिडकीबाईंनी हकीकत सांगितली. मुलगा म्हणाला, "बरं झालं. पण खोली ठरलीय, आई. टेम्पो परवा येतोय."

"आता कशाला? चूक सापडली ना!"

"मीटरची सापडली," सून म्हणाली. आवाज चढा नव्हता. "कंपनीने तुमचं बिल दुरुस्त केलं. मला जिन्यात जे बोललात, ते ऐकलेली माणसं अजून माझ्याकडे बघून हसतात. शिवणवाली विचारते, आज हौद भरला का?"

"मग मी काय करू? पाया पडू?"

"नको. मी कामाला जाते."

ती उठली, चप्पल घालायला जिन्यात गेली. खिडकीबाई ताडकन उठल्या, दार धाडकन उघडलं आणि जिन्यात उभ्या राहिल्या.

"बाहेर या सगळे! त्या दिवशी बोलावलं नव्हतं तरी आला होता, आज बोलावतेय!" मधलं दार उघडलं. वर मेणवाला कठड्याशी आला. "ऐका नीट. पाट्या मी लावल्या. उलट्या लावल्या. जळत होता तो याचा गॅस आणि शिव्या खाल्ल्या माझ्या सुनेने. हिने माझा एक पैसाही जास्त जाळला नाही. उलट माझ्यामुळे थंड पाण्याने न्हाऊन आजारी पडली. चूक माझी. हौदाची चौकशी यापुढे कुणाला करायची असेल तर माझ्याकडे करायची!"

शिवणवाली घाबरत म्हणाली, "मग खिडकीबाई, आमचं बिल पण चुकलं असेल का हो?"

"तुमचा मधला! मधलं कसंही उलटवलं तरी मधलंच राहतं. जा आत!"

'खिडकीबाई' तोंडावर म्हटलं गेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. खिडकीबाईंचा चेहरा लाल झाला होता. माफी मागतानाही त्या भांडत होत्या. दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. सुनेने चपलेचा पट्टा लावला. "येते, आई," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी परत आल्यावर तिने गीझर लावला. न्हाणीघरातून बाहेर आली, केसांना टॉवेल गुंडाळला, एक खोका ओढून उघडला आणि रोजची भांडी काढून फळीवर लावली. मुलगा बघत राहिला.

"टेम्पोवाल्याला सांग, परवा नको," ती म्हणाली. "बाकीचे खोके तसेच राहू देत. दोन महिने बघू."

"आणि अनामत? खोलीचा मालक परत देणार नाही."

खिडकीबाई काहीतरी बोलणार होत्या. पैशांबद्दल त्यांना बोलण्यासारखं बरंच होतं. त्यांनी भाजीची पाटी पुढे ओढली आणि देठं मोडायला घेतली.