मालूताईंचे राणीछाप रुपये

कोणी नुसतं "पावशेर" म्हटलं, की मालूताईंचा हात कमरेच्या कापडी पिशवीकडे जायचा. पिशवीत चांदीचे राणीछाप रुपये होते. ते खर्चायला नव्हते, तोलायला होते. एक रुपया म्हणजे एक तोळा आणि वीस रुपये म्हणजे पावशेर, एवढं वाशीमला सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण जगातली सगळी वजनं रुपयांत आणून ठेवणाऱ्या त्या एकट्याच. "पयले रुपयात सांग, मंग मले समजते," असं त्या म्हणायच्या.

त्या आमच्या शेजारी राहत. यजमान रेल्वेत कारकून. खांडव्याला असताना एका गार्डाच्या मडमेकडून त्या केक शिकल्या होत्या. मडम बोलायची पौंडात आणि औंसात. मालूताईंनी पौंडाचे एकोणचाळीस रुपये केले, औंसाचे अडीचला थोडे कमी, आणि तो केक वाळू तापवलेल्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून वाशीमला फुगवला. दिसायला त्या माझ्यापेक्षा उजव्या मुळीच नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. बुटक्या होत्या, मिश्री लावायच्या, हसताना पदर दातांत धरायच्या. पण आमचे हे, जे एरवी जेवताना फक्त घासापुरतं तोंड उघडत, त्यांना केकचा तुकडा आला की वाचा फुटायची. सासूबाई अंड्याचा म्हणून तो खात नसत, पण वास घ्यायला जवळ येऊन बसत. मला मालूताईंचा हेवा वाटायचा. त्यात मला काही गैर दिसत नव्हतं, अजूनही दिसत नाही.

मग माझ्या नणंदेचं, विमलचं लग्न जऊळक्याच्या मुलाशी ठरलं. रुखवतात मांडायला नानकटाई हवी होती. घरात सून मी, आणि सासूबाई मलाच म्हणाल्या, "सुमन, नानकटाईचं मालूले सांगजो. तुया हातची दडस होते, दातानं तुटत नाई."

मी सांगितलं, पण मनात ठरवून टाकलं, की मालूताई पोचायच्या आत नानकटाई माझ्या हातची तयार असेल. आमच्याकडे नानकटाई घरी भाजत नसत. सामान घेऊन भट्टीवर जायचं, तिथेच मळायचं, पत्र्यांवर लावायचं आणि भट्टीवाल्या चाचांच्या हवाली करायचं. नये पैसे अंगवळणी पडतात न पडतात तोच बाजारात किलो आला होता. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "किलो म्हन्जे शेरच समजा, बाई. नाव तेवढं नवं हाय." मी चार किलो मैदा आणि त्या बेताची साखर घेतली, तूप घरचं जुन्या शेराने तोललं आणि सकाळीच भट्टी गाठली.

गोळे दाबताना कडा फाटत होत्या. मी तशाच दामटल्या. पहिला पत्रा बाहेर आला, चाचांनी एक नानकटाई उचलली आणि त्यांच्या बोटांत नुसता भुगा राहिला. "हे काय रुखवतात चमच्यानं वाढता काय?" ते म्हणाले. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. घरचं तूप संपलं होतं. तेवढ्यात मालूताई आपला तुपाचा डबा घेऊन आत आल्या.

त्यांनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं. "मैदा किलोनं आनला का शेरानं?"

"किलोनंच मिळतो आता."

"अन् तूप?"

"घरच्या शेरानं."

"मंग गडबड तिथंच हाय. किलोत एक शेर बसते अन् वर सहा रुपये उरते. मैदा वाढला, साखर वाढली, तूप जिथल्या तिथं. शेराले पाऊणशेर तूप, म्हन्जे सहाले साडेचार. चार किलोचे अठरा." त्यांनी चाचांच्या तराजूत अठरा रुपये टाकले. मग, एक पत्रा वाया गेलाच होता म्हणून, त्यातले दोन काढून घेतले. दुसऱ्या पारड्यात वाटी ठेवून, तिच्या वजनाइतके खडे रुपयांकडे टाकून तिचं धडं केलं, आपल्या डब्यातलं तूप तोललं आणि पीठ माझ्याकडे सरकवलं. "मळ तू. मी बसून राह्यली."

पुढचा पत्रा आला तो कडा शाबूत, वर बदामी चीर. नेमक्या तेव्हाच सासूबाई आल्या. त्यांनी एक तोंडात टाकली आणि मालूताईंकडे वळल्या.

"मायाकडे काय पाह्यता? सुमननं केलं," मालूताई म्हणाल्या. "मी आत्ताच आली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं नव्हतं. नानकटाई वाचवली ती त्यांनी, आणि वर मोठेपणाही त्यांनीच करून घेतला. मला काही करायला उरलंच नाही.

पुढे त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. विमल मात्र दर दिवाळीला माहेरी आली की चारचौघींत म्हणते, "माया रुखवतातली नानकटाई! वयनीसारखा हात कोनाचा नाई." मी अनेकदा सांगितलं, की बाई, ती मालूताईंनी सुधारली होती. त्यावर ती सगळ्यांकडे बघून म्हणते, "पाह्यलं? सारं दुसऱ्याले देऊन टाकते. असा सभाव लागते."

नानकटाईही त्यांची, स्वभावही त्यांचा. मालूताई असत्या तर जाऊन भांडले असते. आता माझ्या नावानं त्यांचं कौतुक सुरू झालं की मी मान खाली घालून बसते, आणि बायका म्हणतात, बघा, लाजली.