गाठीच्या तापाचा हिवाळा

आमच्या गावात उंदीर पडायला लागले ते कार्तिकात. आधी किराणा दुकानात, मग पाटलाच्या कोठारात, मग आमच्या शेजारी. आठ दिवसांत तहसिलीतून हुकूम आला आणि कोतवालाने दवंडी दिली, गाव खाली करा. अचलपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी दोन टेकड्यांमधून नदी वाहते. तिच्या काठच्या खोलगट रानात सगळ्यांनी तुराट्यांच्या आणि कडब्याच्या झोपड्या घातल्या. आमच्या झोपडीत आम्ही तिघं होतो, मी, माझी बायको आणि माझे वडील. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. शाळा बंद होती, त्यामुळे मला दिवसभर काही काम नव्हतं.

वडील माळी. वांगी, मेथी आणि झेंडू पिकवून अचलपूरच्या बाजारात नेण्यात त्यांचा जन्म गेला. पाखरू हा त्यांचा वैरी. ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की त्यांच्या गोफणीचा आवाज दोन शेतं पलीकडे ऐकू जायचा. मळा गावाला लागून, गावाबरोबर तोही बंद, त्यामुळे आता राखायला काही उरलं नव्हतं. पहिले चार दिवस ते नुसते बसून राहिले. पाचव्या दिवशी सकाळी घोंगडी पांघरून नदीकडे गेले, आणि ऊन चढल्यावर परत येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "पोरी, धोबी पक्षी पाह्यला का कधी? त्याची शेपटी एक घडी थांबत नाई. मी जलमभर गोटेच मारले, धड पाह्यलं नाई कधी."

मग ते रोज जाऊ लागले. आमची काळी कुत्री त्यांच्या मागे जाई आणि ते बसले की शेजारी पोट टेकून बसे. कधीकधी मीही जात असे. धुकं विरत जाई तसे उथळ पाण्यात चक्रवाक दिसत, नेहमी जोडीने. हरभऱ्यात करकोचे उतरत. वडील बोटानेही दाखवत नसत, नुसती हनुवटी त्या दिशेला करत. झोपड्यांमध्ये रोज कुणीतरी कण्हत असायचं, आणि म्हणूनच की काय, ते दोन तास ती जागा सोडू नये असं वाटे.

आमचा दुसरा कुत्रा गावातच राहिला होता. त्याला आम्ही म्हातारा म्हणत असू. कुलूप लावलेल्या आमच्या दारासमोरून तो हललाच नाही. गावात पाऊल टाकायला बंदी होती. वडील रोज वेशीपर्यंत जाऊन त्याला हाक मारत आणि भाकरीचा तुकडा आत फेकून येत. पौषात एक दिवस म्हातारा आपणहून झोपडीशी आला. बरगड्या दिसत होत्या, मागचा एक पाय तो टेकत नव्हता. वडिलांनी त्याला आपल्या घोंगडीवर निजवलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या झोपडीतल्या दोघा भावांपैकी धाकटा गेला. काखेत गाठ आली आणि दोन दिवसांत संपला. त्यानंतर तीन दिवसांनी माझ्या बायकोला थंडी वाजून ताप भरला. तिचे दात एकमेकांवर वाजत होते. मी पुन्हा पुन्हा तिच्या काखा चाचपत होतो.

संध्याकाळी मेलेल्याचा थोरला भाऊ चारपाच जणांना घेऊन आला. "मास्तर, तुमचं कुत्रं रिकाम्या गावात फिरून आलं. पिसवा आणल्या त्यानं. त्याले मारा, नाई तं झोपडी उचला अथून."

वडील म्हणाले, "दोन महिने त्यानं आपलं दार राखलं. त्याले कोणी हात लावाचा नाई." माणसं निघून गेली, पण जाताना सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील काळीला घेऊन नदीवर गेले. बायकोचा ताप उतरून पुन्हा चढला होता, ती बडबडत होती. मी भाकरीचा चतकोर घेतला, दुसऱ्या हातात कुऱ्हाड घेतली आणि म्हाताऱ्याला हाक मारली. तो लंगडत माझ्या मागे आला. नाल्यात उतरल्यावर मी भाकरी खाली टाकली. तो खायला वाकला, आणि मी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, बोथट बाजूने, त्याच्या डोक्यात मारलं. एका फटक्यात झालं नाही. वर दगड रचले, नदीच्या पाण्याने हात धुतले आणि परत आलो.

"म्हातारा कुठी गेला?" वडिलांनी विचारलं.

"गावात गेला असन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अचलपूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर बैलगाडीने झोपड्या तपासत आला. त्याने बायकोला नीट पाहिलं आणि म्हणाला, "गाठबीठ काही नाही. हिवताप आहे." कोयनेलच्या पुड्या देऊन तो पुढच्या झोपडीत गेला. चार दिवसांत ती उठून बसली.

ते चारही दिवस वडील वेशीवर जाऊन म्हाताऱ्याला हाका मारत होते. नेलेली भाकरी तशीच परत आणून काळीला घालत.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं नदीकाठी होतो. वडिलांची नजर वर गेली. नाल्यावर गिधाडं घिरट्या घालत होती, एकेक करून खाली उतरत होती. "ढोर तं कोणाचं मेलं नाई," ते म्हणाले आणि उठले. "जाऊ नका," मी म्हणालो. ते थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग चालायला लागले. कोल्ह्यांनी दगड उकरून काढले होते. मी नाल्याच्या वरच उभा राहिलो. खाली गिधाडं हुसकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ दगडावर दगड ठेवल्याचा.

वर आल्यावर ते म्हणाले, "सूनबाईसाठी मारलं ना?"

"हो."

"तुया जागी मीही मारलं असतं. पण म्या सांगतलं असतं. चार दिवस तू मले हाका मारू देल्ल्या."

ते पुढे चालू लागले, काळी त्यांच्या मागोमाग.

बायकोला हे शेजाऱ्यांकडून कळलं; त्यांनी मला कुऱ्हाड घेऊन नाल्यात उतरताना पाहिलं होतं. तिने विचारलं, "मायासाठी?" मी मान डोलावली. तिने तोंड फिरवून कोयनेलची पुडी पाण्यात कालवली आणि घेतली.

फाल्गुनात गाव उघडलं. सरकारी माणसांनी घराघरांच्या छपरावरची कवेलू काढून आत ऊन पाडलं होतं, भिंतींना चुना लावला होता. आमच्या आळीतली पाच घरं बंदच राहिली. वडिलांनी मळ्याला पाणी सोडलं, पुन्हा मेथी टाकली. भोरड्या आल्या तेव्हा त्यांनी गोफण चालवली, पूर्वीसारखीच. सकाळी मात्र ते नदीवर जात राहिले, आणि काय पाहिलं ते घरी येऊन सुनेला सांगत. मी त्याच खोलीत वह्या तपासत बसलेलो असायचो. मला त्यांनी पुन्हा कधी सोबत चल म्हटलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.