दिराने झाकून ठेवलेली रीत

“तुमचा कंद खाऊन माझ्या घरात तीन माणसं ओकताहेत. पोरगी डोळे उघडत नाही,” फोनवरची बाई म्हणाली, आणि माझा धाकटा दीर जेवत्या ताटावरून उठला. बसच्या इंजिनाशेजारी अठ्ठावीस वर्षं काढल्याने त्याचे कान गेलेले, म्हणून त्याचा फोन कायम मोठ्या आवाजात असतो. समोर बसून मी सगळं ऐकलं. बाई धुळ्याची होती. नवऱ्याने नवापूरच्या बाजारातून कडू कंद आणला, मोबाइलवर भाजीची रीत सापडली, तशी तिने केली. तिचा त्या दिवशी उपास होता म्हणून तिने खाल्लं नाही. खाल्लं ते तिच्या सासूने, नवऱ्याने आणि पाच वर्षांच्या पोरीने. रीत देणाऱ्याचं नाव पानावर नव्हतं, पण खाली हा नंबर होता.

दिराचा बसमधला आवाज बाहेर आला. “ताई, रडू नका. उरलेला कंद डब्यात घ्या, डॉक्टरांना दाखवा. कडू कंद खाल्ला असं सांगा. रिक्षा नसेल तर रस्त्यात उभं राहून गाडी अडवा. निघा!” फोन ठेवल्यावर तो हात न धुता ओट्यावर जाऊन बसला.

एवढा बडबडा माणूस आमच्या कोरीट गावात दुसरा नाही, आणि शेजारच्या दोन गावांतही नसावा. एसटीत कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी गाडीतून उतरला नाही. लग्नाच्या पंगतीत लोकांना “पुढे सरका, मागे जागा आहे” म्हणतो. देवळाच्या दारात गर्दी झाली तर आधी उतरणाऱ्यांना उतरू देतो. माझ्या जावेच्या तिसऱ्याला घर माणसांनी भरलं, तेव्हा स्वतःच्या बायकोचं दुःख बाजूला ठेवून त्याने म्हाताऱ्यांना भिंतीकडची जागा करून दिली. तेव्हा लोक हसले. मी नाही हसले, कारण कामाशिवाय त्याला रडता येत नाही हे मला ठाऊक आहे.

जाऊ गेल्यावर तो लिहायला लागला. आयुष्यभर त्याची गाडी धडगावच्या घाटातून जायची. डोंगरातल्या बाया टोपल्या घेऊन चढायच्या, आणि हा तिकीट देता देता विचारायचा, यात काय, हे कसं शिजवता, कुठल्या दुखण्यावर देता. त्यांची बोली त्याला तशीच आली. ते सगळं त्याच्या डोक्यात होतं. नंदुरबारला जाऊन तो इंटरनेटवर लिहायचं शिकला आणि स्वतःचा ब्लॉग काढला. लेख लिहून झाला की आधी मला वाचून दाखवायचा. मी चौथी शिकलेली. “वयनी, समजनं का?” “नही समजनं.” मग तो तेवढं खोडायचा. जे मला समजलं नाही ते जगाला कळणार नाही, असा त्याचा नियम. शेवटी “सूचना व तक्रारीसाठी” लिहून आपला नंबर टाकायचा, गाडीत लिहिलेला असतो तसा. मग चमच्याने ताटावर दोनदा वाजवायचं, डबल बेल, आणि लेख सुटला.

लेख चोरीला जातात हे कळलं तेव्हा आधी त्याला आनंदच झाला. चोर काय जुनी चिंधी उचलत नाही, म्हणाला. पण एके दिवशी बांबूच्या कोंबांच्या भाजीचा त्याचा लेख दुसऱ्या पानावर दिसला. शब्द सगळे त्याचे. वर चष्मा लावलेल्या, हसणाऱ्या एका बाईचा फोटो, आणि खाली “माझ्या आजीची खास रीत”. ही रीत त्याला धडगावकडच्या रुमलीबाईने सांगितलेली. लेखात तिचं नाव होतं, ते काढून टाकलेलं. दीर घरभर फिरला. “वयनी, रुमलीबाई हिनी आजी कधी व्हयनी? हिनी रुमलीबाईले एक चहा तरी पाजा का?”

मग त्याने चोर पकडायला सुरुवात केली. रेघांच्या कागदावर नोटीस लिहिली, रजिस्टर पोस्टाने पाठवायला गेला, तर त्या पानाला पत्ताच नव्हता. पोलीस ठाण्यात गेला. हवालदार म्हणाला, “काय चोरीला गेलं?” “लेख.” “आता कुठे आहे?” “माझ्याकडेच आहे.” “मग बाबा, गेलं काय?” दीर म्हणाला, “साहेब, एका तिकिटावर दहा माणसं बसली तर बाकीची नऊ तिकिटं कंडक्टरकडेच राहतात ना? मग त्याला नोकरीवरून घरी का पाठवतात?” हवालदाराला ते पटलं. पण अर्ज कुठल्या रकान्यात बसवायचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने चहा पाजला. मग इंटरनेटवरच तक्रारीचे फॉर्म भरणं सुरू झालं. एका पानाने लेख काढला आणि आठवड्यात परत लावला. दुसऱ्याचं उत्तर आलं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ते त्याने मला चार वेळा वाचून दाखवलं.

तेव्हा मी बोलले. हे लिहायला नको वाटतं, पण बोलले मीच. आमच्याकडे शेजारीण लोणच्याची रीत विचारायला आली तर नाही म्हणत नाहीत. सांगतात, फक्त एक जिन्नस सांगायचा राहून जातो. मी स्वतः अशा किती रिती अर्ध्या दिल्यात. “तू येडा शे का भाऊ? समदं कसाले देस? एक पायरी आपला हातमा ठेवाले पाहिजे.” त्याला हे एकदम आवडलं. पुढच्या लेखापासून मधली एक पायरी तो हाताने कागदावर लिहायचा आणि त्या कागदाचा फोटो लावायचा. चोर शब्द उचलतात, फोटो उचलायला आळस करतात, हे त्याने हेरलं होतं. जो मुद्दाम आपल्याकडे येईल त्याला पूर्ण रीत मिळेल, चोराला अर्धी. आणि वरचं-खालचं वाक्य असं बसवायचा की मध्ये काही गळालं आहे हे कळू नये. “जोडच दिसत नही, वयनी,” म्हणाला. मी म्हटलं, शाब्बास.

त्याच्या पुढचा लेख कंदाचा होता. कंद चिरा, राख घालून उकडा, हे टाइप केलेलं. लसणाची फोडणी द्या, हेही टाइप केलेलं. मधला कागद फोटोत. त्यावर लिहिलं होतं की उकडलेल्या चकत्या टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात एक दिवस-रात्र बांधून ठेवायच्या, नाहीतर कंद विष आहे. आणि रुमलीबाईच्या पाड्यावरची चाल, की पहिला घास घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने खायचा आणि बाकीच्यांनी दिवस कलेपर्यंत थांबायचं. का, असं त्याने विचारलं होतं. “पोरांचं जगायचं बाकी असतं,” ती म्हणाली होती. हे दोन्ही आम्ही फोटोत झाकलं. मला त्याने वाचून दाखवलं होतं, आणि मला समजलं होतं.

फोन आला त्या दुपारी त्याने आधी तो फोटो काढला आणि सगळं टाइप करून घातलं. कागदावरचं मी वाचून सांगत गेले, तो टाइप करत गेला. मग ज्या ज्या पानांवर तो लेख होता त्यांना लिहायला बसला. कालपर्यंत ज्यांना तो लेख काढा म्हणत होता त्यांना आता विनवत होता, माझं नाव नको, रुमलीबाईचंही नको, पण चोरायचं तर पूर्ण चोरा. एकानेही उत्तर दिलं नाही. मग त्या पानांखाली वाचकांनी मत लिहायची जागा असते, तिथे तो लिहू लागला, ही रीत अर्धी आहे, असा कंद खाऊ नका. ते लोक पुसायचे, हा परत लिहायचा. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून फोन नाही. आपण करावा तर बाई उचलत नव्हती. मी भाकरी समोर ठेवली, ती तशीच वाळली.

मी म्हटलं, “भाऊ, चूक मन्ही बी शे. मीच सांगं तुले.”

“नही वयनी,” तो म्हणाला. “तू फक्त हात दाखाडा. गाडी मीच थांबाडी, तिकीट मीच फाडं.”

खोटी समजूत मला काढता येत नाही. मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. उचलायला तो धजेना. मी उचलला.

त्यानंतर त्याने नवा लेख लिहिलेला नाही. त्याचं ताट पुढे ठेवलं की मी कान देते, पण चमचा वाजत नाही. चहा झाला की तो चष्मा लावतो आणि एकेक पान उघडून आपली ओळ तिथे आहे का बघतो. नसली तर परत लिहितो. मी त्याला म्हणते, एखादी डोंगरातली गोष्ट सांग, लिहू नको, नुसती मला सांग. तो म्हणतो, सांगेन.

फोनवर त्या सकाळी ती धुळ्याची बाईच होती. रात्री पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं. नवरा आदल्या दिवशीच उठून बसला होता. सासूला घरी सोडायला आणखी चार दिवस लागले. तिघंही जगले.